डाव्या हाताच्या रेघा

"ये बी नहीं," काकी म्हणाली. "दुसरा दिखाव."

गॅलरीवाल्याने मावळत्या सूर्यापुढचे सात उंट बाजूला ठेवले आणि हत्तीवर बसलेला राजा काढला. काकीने राजाकडे पाहिलंही नाही. तिने चित्र माझ्याकडे सरकवलं. मी पर्समधून दहापट मोठं दाखवणारं भिंग काढलं, ओणवी झाले आणि हत्तीच्या पोटाखालची सावली पाहिली. मग मान हलवली.

"ये बी नहीं."

"माताजी, आपको चाहिए क्या?" तो माणूस हसतच होता, पण थकल्यासारखा. "राजा नहीं, ऊँट नहीं, राधा-किशन नहीं. बताओ तो सही."

"हमारे मालक का चित्र मंगताय."

"कौन से मालिक? हवेली के?"

"इनके पति चित्रकार थे," मी मध्ये पडले. "हिंदुराव काटकर. कोल्हापूर के. आठ साल इसी शहर में काम किया. उनके हाथ का बना एक चित्र ढूँढ रहे हैं."

त्याने राजाचं चित्र उलटं केलं. मागे गॅलरीचा जांभळा शिक्का होता, बाकी काही नाही. "बेटा, यहाँ कारीगर नाम नहीं डालता. रिवाज नहीं है. किसका हाथ है, ये तो हाथ ही जाने."

हे जैसलमेरच्या किल्ल्यातलं पाचवं दुकान होतं. दुकान म्हटलेलं तिथे कुणाला आवडत नसे. प्रत्येक पाटीवर 'आर्ट गॅलरी' लिहिलेलं होतं. २०१७ चा जानेवारी होता. माझं एम.एस्सी. पूर्ण झालं होतं आणि फेब्रुवारीत पुण्याला एका प्रयोगशाळेत रुजू व्हायचं होतं. काकी म्हणाली, "एकदा नोकरीला लागलीस की तू आमची न्हाईस. आत्ताच चल." म्हणून आम्ही दोघी निघालो. सोबत भडंगाची मोठी पिशवी आणि माझ्या भूशास्त्रवाल्या मैत्रिणीचं भिंग.

हिंदुकाका कोल्हापुरात सिनेमाचे बॅनर रंगवायचा. वीस फुटी चेहरे. शुक्रवारी नवा सिनेमा लागला की जुन्या कापडावर पांढऱ्या रंगाचा हात फिरायचा आणि त्यावरच पुढचा चेहरा चढायचा. एकाच कापडावर पन्नास-पन्नास नायक गाडलेले असत. मग छापील फ्लेक्स आले आणि दोन वर्षांत ते काम संपलं. एका हॉटेलच्या भिंती रंगवायच्या म्हणून तो राजस्थानात गेला आणि तिथेच एका कारखान्यात बारीक चित्रं काढायला शिकला. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. वर्षातून एकदा घरी यायचा. काकी अंगणवाडीत होती, ती कोल्हापूर सोडू शकत नव्हती. दर वेळी ती विचारायची, "एखादं चित्र आणलंय का?" आणि तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला." २०१४ मध्ये तो तिकडेच हृदयविकाराने गेला. ट्रंक आली. तिच्यात कपडे होते, ब्रश होते, एक स्वेटर होता. चित्र नव्हतं.

"जन्मभर रंगात हात घातला त्या माणसानं," काकी म्हणायची, "आणि माझ्या भिंतीवर बघायला बोटभर रंग न्हाई."

तो ज्या कारखान्यात होता तो बंद पडला होता. मालक शहर सोडून गेला होता आणि उरलेला माल गावभर विकला गेला होता. त्यामुळे आमच्याकडे पत्ता नव्हता. एकच खूण होती. हिंदुकाका डावरा होता.

ही कल्पना माझी. उजव्या हाताने माणूस भराभर तिरप्या रेघा मारतो तेव्हा त्या वरून उजवीकडून खाली डावीकडे येतात. मनगट तसंच वळतं. डावऱ्याच्या रेघा उलट्या कलतात. या बारीक चित्रांमध्ये सावली रंगाचा फराटा मारून करत नाहीत. केसाएवढ्या शेकडो रेघा शेजारी शेजारी ओढतात. नुसत्या डोळ्यांना धूसर पट्टा दिसतो, भिंगातून रेघा दिसतात. त्यांचा कल पाहायचा.

"म्हणजे मास्तरनं छड्या मारून मोडायला बघितली ती खोड आता उपयोगाला आली म्हण की," काकी म्हणाली.

"पण खात्री नाही हं, काकी. डावरी माणसं दहात एक असतात. दुसराही कुणी असू शकतो."

"असू दे की दुसरा. तू बघत राहा."

आम्ही बघत राहिलो. मी वहीत तक्ता केला होता: गॅलरी, चित्र, रेघांचा कल आणि कल डावा निघाला तर साल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ गॅलऱ्या आणि एकसष्ट चित्रं झाली. एकसष्टच्या एकसष्ट उजवी. एका हवेलीत वर चढून गेलो तर तिथे पांढऱ्याशुभ्र खोलीच्या मधोमध वाळूचा ढीग होता आणि ढिगावर एक खुर्ची. भिंतीवर त्याबद्दल इंग्रजीत बरंच लिहिलं होतं. काकीने दारातूनच पाहिलं. "बांधकाम चाललंय वाटतं. चल." मी तिला सांगितलं की हीसुद्धा कलाकृती आहे. ती पुन्हा आत गेली, ढिगाला पूर्ण फेरी मारून आली आणि म्हणाली, "खुर्ची चांगली हाय."

रात्री खोलीत ती ट्रंकेतला तो स्वेटर घालून, वर शाल पांघरून बसली होती. "उद्या पाचची गाडी," ती म्हणाली. "न्हाई सापडलं तर न्हाई. तू तोंड पाडून बसू नको. बघितलं एवढं तरी समाधान हाय मला." पण तिचा आवाज तसा नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्याकडच्या रस्त्याला गेलो. तिथे तीन गॅलऱ्या होत्या. दोन झाल्या. तिसरी अगदी लहान, खाली उतरत्या दोन पायऱ्या. मालक व्यासजी म्हणून पन्नाशीचे, मफलर गुंडाळलेले गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसायला लाकडी बाक दिला आणि थर्मासमधला चहा ओतला. भिंतीवर हातभर लांबीचं एक चित्र होतं. विहिरीवर तीन बायका पाणी काढताहेत, बाजूला एक उंट गुडघे मोडून बसलाय. विशेष काही नाही. असली चित्रं तीन दिवसांत वीस तरी पाहिली होती.

मी भिंग लावलं आणि उंटाच्या मानेखाली पाहिलं.

पुन्हा पाहिलं. मग विहिरीच्या काठाखाली. मग मधल्या बाईच्या घागऱ्याच्या घडीत. मी रेघा मोजल्या. चौतीसपैकी तेहेतीस डावीकडून उजवीकडे उतरत होत्या.

मी काही बोलायच्या आधीच काकी उठली होती.

"गावलं?"

"रेघा डाव्या आहेत," मी म्हणाले. "चौतीसातल्या तेहेतीस."

काकीने चित्र भिंतीवरून स्वतः काढून घेतलं. व्यासजी पुढे आले आणि थांबले. ती ते मांडीवर घेऊन बाकावर बसली. रंगाला बोट लावलं नाही, नुसतं पाहत राहिली. "उंटाचं तोंड बघ," थोड्या वेळाने म्हणाली. "उपाशी असल्यावानी. ह्यांना जनावर चांगलं जमायचं."

मला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण एक चौकट रिकामी होती: साल. मी व्यासजींना विचारलं की हे चित्र त्यांच्याकडे कधी आलं.

"आया कहाँ से? यहीं बना है," ते म्हणाले. "बनाने वाली अंदर बैठी है. पूछ लो."

काकीचं लक्ष नव्हतं. मी पडदा बाजूला करून आत गेले.

आत एक खिडकी होती आणि खिडकीखाली जमिनीवर तिशीची एक बाई गुडघ्यावर पाटी टेकवून काम करत होती. शेजारी शिंपल्यांमध्ये रंग. तिने मान वर केली. नाव विचारलं तर म्हणाली, जमना.

"बाहर जो कुएँ वाला चित्र है, वो किसने बनाया?"

"मैंने. दिवाली के बाद. क्यों, कुछ ख़राब है?"

"नहीं. तुम बाएँ हाथ से काम करती हो?"

तिने ब्रश धरलेला हात वर केला. उजवा.

मी खाली बसले. "छाया कैसे करती हो, दिखाओगी?"

ती जरा लाजली. मग एक रद्दी कागदाचा तुकडा पाटीवर ठेवला, पाटी पाव वळसा फिरवून आडवी केली आणि सरळसोट उजव्या हाताने रेघा ओढू लागली. उजव्या हाताच्या रेघा, जशा असायला हव्यात तशा. एक ओळ झाली की ती हलकेच "हां" म्हणायची आणि पुढची धरायची. मग तिने पाटी पुन्हा उभी केली. रेघा डाव्या झाल्या होत्या.

"सब हँसते हैं मुझ पर," जमना म्हणाली. "कहते हैं, सीधा कागज़ क्यों घुमाती है. पर मास्टरजी की छाया ऐसी ही गिरती थी. मैंने पुराने कारख़ाने में उनके सामने बैठ के सीखा. मुझे लगा, छाया ऐसी ही होती है."

मी मनात ताडून पाहिलं. समोर बसून पाहिलेली तिरपी रेघ अर्ध्या वळशाने फिरते, आणि अर्ध्या वळशाने फिरवली तरी तिचा कल बदलत नाही. तिने त्याच्या रेघा बरोब्बर पाहिल्या होत्या. मनगट वळेना म्हणून पाटी वळवायला शिकली होती. माझी पद्धत चुकली नव्हती. मी त्या पद्धतीला जो प्रश्न विचारत होते, त्याचं उत्तर पद्धतीकडे नव्हतं, एवढंच.

"मास्टरजी मराठी थे?"

"हाँ. हिंदू मास्टर. आप जानती हैं उनको?"

"उनका बनाया कोई चित्र है? कहीं भी?"

तिने मान हलवली. "जो बनता था, बिक जाता था. जर्मनी, जापान. मैं पूछती थी, घर के लिए एक तो रख लो. कहते थे, घर ले जाने लायक अभी हाथ नहीं बैठा. हम सब हँसते थे. बाल सफ़ेद हो गए, मास्टरजी, हाथ कब बैठेगा?"

खिडकीतून बाहेर एक गाय उभी दिसत होती. मी काही वेळ तिच्याकडे पाहिलं.

"मैं उनकी भतीजी हूँ," मी म्हणाले. "बाहर जो बैठी हैं, वो उनकी घरवाली हैं."

जमनाने ब्रश खाली ठेवला आणि ओढणी डोक्यावर घेतली.

"उनको मत बताना," मी म्हणाले. "वो चित्र मास्टरजी का समझ के ले रही हैं. ले जाने दो."

तिने शिंपल्यांवर फडकं टाकलं. हो नाही, ना नाही.

बाहेर आले तेव्हा काकी आणि व्यासजींची गट्टी जमली होती. काकी त्यांना भडंग खायला घालत होती.

"पनू, बघ हे काय म्हणतात. नाव घालून देतो म्हणतात. हितं, कोपऱ्यात."

"रिवाज तो नहीं है," व्यासजी भडंग चावत म्हणाले, "पर माताजी के लिए. आप जो नाम बोलो, लिखवा देंगे. अरे जमना! बारीक वाला ब्रश ला, और काली स्याही."

"हिंदुराव काटकर, कोल्हापूर," काकी म्हणाली. "कोल्हापूर पायजेच. भिंतीवर टांगलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला कळलं पायजे. शेजारची सरू म्हणते, तुझा नवरा खरंच चित्रकार होता का चुना लावणारा होता? आता बघ म्हणावं."

जमना आली. तिने चित्र पाटीवर घेतलं, ब्रश शाईत बुडवला, टोक ओठांनी टोकदार केलं आणि उजव्या कोपऱ्यावर आणलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"क्या लिखूँ?"

मी वही मिटली.

"सांग की गं तिला," काकी म्हणाली. "तुझं हिंदी चांगलं हाय."

जमना माझ्याकडेच पाहत होती. रागाने नाही. अगदी शांतपणे, मापाची पट्टी धरावी तशी. ब्रशच्या टोकाशी शाईचा एक थेंब जमत चालला होता आणि तिने तो पडू न देता ब्रश जरा मागे घेतला.

"काकी," मी म्हणाले, "हे काकाने काढलेलं नाही."

"काय?"

"हिने काढलंय. या दिवाळीनंतर."

काकीने चित्राकडे पाहिलं, मग जमनाकडे. "तू तर रेघा मोजल्यास. चौतीस म्हणालीस."

"रेघा काकाच्याच आहेत. ही त्याच्याकडे शिकली. त्याच्या समोर बसून. म्हणून तशा आल्यात."

"आत जाऊन आलीस तेव्हा ठावं होतं तुला?"

"हो."

"आणि मला नाव घालू देणार होतीस."

व्यासजींनी परिस्थिती सावरायचा प्रयत्न केला. "माताजी, चेला और मास्टर एक ही बात है. हाथ तो वही—"

"तुम चुप बैठो जी," काकी म्हणाली.

काकीने भडंगाच्या पिशवीचं तोंड बांधलं. नीट, दोन गाठी मारून. मला वाटलं आता ती उठेल आणि पायऱ्या चढून रस्त्याला लागेल, आणि गाडीत छत्तीस तास आम्ही बोलणार नाही. ती उठली, पण जमनापुढे जाऊन उभी राहिली.

"कैसे बैठते थे?"

जमनाला कळलं नाही.

"मालक. मास्टरजी. काम करताना. कैसे बैठते थे?"

जमनाने आतल्या खोलीकडे हात केला. आम्ही तिघी आत गेलो. तिने खिडकीखाली पाय दुमडून बैठक मारली, डावा गुडघा उभा, उजवा आडवा. मग थांबली आणि ते उलटं केलं: उजवा उभा. "ऐसे. और मैं वहाँ." तिने समोरची जागा दाखवली.

काकी त्या समोरच्या जागेवर बसली. छप्पन्न वर्षांची, गुडघे दुखणारी माझी काकी एक हात भिंतीला लावून खाली बसली आणि म्हणाली, "करो."

जमनाने मघाचा रद्दी कागद घेतला. पाटी फिरवली. रेघा ओढायला लागली. ओळ संपली. "हां."

काकी ताठ झाली. "हे काय?"

"जी?"

"हे 'हां' कुणाचं?"

जमनाने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं. ती ओशाळून म्हणाली, तिला माहीतच नव्हतं की ती असं करते.

"जेवताना करायचे," काकी मला म्हणाली, जमनाकडे बघतच. "भाकरीचा तुकडा तोंडात गेला की हां. सासूबाई ओरडायच्या, ढोरासारखं काय हां हां करतोस म्हणून." ती हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडावर धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. जमना थांबली होती. काकीने पदराआडूनच हात हलवला: चालू दे.

जमनाने काम चालू ठेवलं.

"सव्वीस वर्षं लग्नाला झाली होती," काकी थोड्या वेळाने म्हणाली. "आणि काम करताना ह्यांना एकदा सुद्धा बघितलं न्हाई मी. थिएटरच्या मागं शेड. सगळे गडी उघडेबंब. बायका जायच्या न्हाईत. डबा घेऊन गेले तरी फाटकापर्यंत. आतून कुणीतरी यायचं आणि डबा घेऊन जायचं." ती थांबली. "कपड्यावर रंग दिसायचा तेवढाच. आज निळा, उद्या तांबडा."

मी दाराला टेकून उभी होते. माझ्या वहीत साल लिहायची चौकट अजून रिकामी होती. ती भरायचं मला सुचलं नाही.

तीन वाजेपर्यंत आम्ही तिथेच होतो. जमनाने कागदाचा तुकडा वरून खालपर्यंत भरून काढला. कशाचीच नसलेली सावली: तळहाताएवढी, वर दाट, खाली विरत गेलेली. मधूनमधून ती बोलायची. मास्टरजींना इथलं पाणी मचूळ लागायचं. मास्टरजी थंडीत दोन टोप्या घालायचे, एकावर एक. काकी मध्येच विचारायची, "टोपी कौनसी? मरून कलर वाली?" आणि हो म्हटलं की मान हलवायची, हिशेब लागल्यासारखी नाही, चव लागल्यासारखी.

निघताना व्यासजींनी विहिरीचं चित्र पुढे केलं. म्हणाले, बिना नाम के ही ले जाओ, जो देना हो दे दो.

"वो इसका है," काकी म्हणाली. "बेचो. अच्छे आदमी को बेचो. और इसका नाम बताव उसको."

"नाम बताऊँ?" व्यासजी गोंधळले. "किसको?"

"जो लेगा उसको. मुँह है ना?"

जमना हसली. काकीने तो रद्दी कागद मागून घेतला, चष्म्याच्या डबीत घालून डबी बंद केली आणि तिच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. जमना मागे सरकली नाही.

तळ्याच्या कडेने रिक्षापर्यंत चालत जायचं होतं. काकी माझ्या अर्धं पाऊल पुढे चालत होती. उन्हात दगड पिवळे झाले होते आणि माणसं नावेत बसून फोटो काढत होती.

"तू खोटं बोलणार होतीस न्हवं?" ती म्हणाली.

"हो."

"मग का बोलली न्हाईस?"

मी खरं तेच सांगितलं. "ती माझ्याकडे बघत होती."

काकीने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"बरं झालं," ती म्हणाली. "न्हाईतर तितंबी मी बाहेरच च्या पीत बसले असते."